आधी त्या बाईंशी बोलू नका, आणि मुलीला घाईने गावी पाठवू देऊ नका

तुमची पोस्ट सकाळी वाचली, ती दिवसभर डोक्यातून गेली नाही. वरच्या मजल्यावर घरकामाला ठेवलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी, बाहेरून कुलूप, ग्रिलमधून हळूच "घर जाना है" म्हणणं आणि मालकीणबाईंचं "आमच्या घरच्यासारखीच आहे". ठाण्याला आमच्या इमारतीत अगदी हेच चालू होतं. तुम्ही विचारलंय, आधी त्या बाईंशी बोलू की सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढू? दोन्ही नको. नुसती कुणकुण लागली तरी मुलगी रातोरात कुणा नातेवाइकाकडे हलवतात.

१०९८ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही. मुलगी घराबाहेर पडली की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. आमचं सगळं बिघडलं ते त्यानंतरच्या काही तासांत.

तिला ज्या कार्यालयात नेलं त्याचं नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी "समजुतीने मिटवू" म्हणत दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं. मुलगी झारखंडच्या गुमला भागातली, सादरी बोलणारी, हिंदी कामापुरतं. तिचा जबाब लिहिला मराठीत. जिने तिला मारलं ती मालकीण समोर बसलेली असताना 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' या ओळीखाली तिचा अंगठा घेतला. वयाचा प्रश्न आला तेव्हा आधार कार्ड पुढे आलं. त्यावर वय १९, आणि कार्ड आणून दिलेलं एजंटाने. मी वेठबिगारी म्हटलं तर उत्तर मिळालं, "ताई, ती वीटभट्टीवर असते, फ्लॅटमध्ये नाही." मालकांनी टेबलावर काही हजार ठेवले, पगाराचा हिशेब मिटला असं लिहून झालं, आणि मुलगी 'मामा'च्या हवाली केली. तो मामा म्हणजे तिला मुंबईला आणणारा एजंटच. पुढे त्याचा फोन बंद झाला. ती घरी पोहोचली की दुसऱ्या शहरात दुसऱ्या घरात गेली, मला आजतागायत कळलेलं नाही. त्या टेबलावरच्या माणसांबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

म्हणून कळकळीने सांगते. मी वकील नाही, कलमं जाणकाराकडून तपासून घ्या. पण मूल असेल तर त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं, आणि ते कोणाच्या ताब्यात द्यायचं हे समिती ठरवते. पोलीस ठाण्याचा अंमलदार नाही, मालक नाही, मामा तर नाहीच. वयासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, मग जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधारवरची जन्मतारीख हा वयाचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये म्हटलंय. "चौदा पूर्ण आहेत, मग चालतं" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. त्याच कायद्याचं कलम ७९ अठराखालच्या प्रत्येकाला लागू आहे: कामासाठी बांधून ठेवलं किंवा कमाई अडकवली तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड.

दुसरं, प्रांतांकडे (म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) लेखी अर्ज. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात वीटभट्टी आणि फ्लॅट असा भेद कुठेही नाही. एजंटाला दिलेली उचल फिटेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, हे त्यात बसतं. आणि साखळदंड लागतच नाही. गरिबीमुळे दुसरा मार्गच न उरणं हीसुद्धा बळजबरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात १९८२ मध्येच सांगितलंय. मुलगी सज्ञान निघाली तरी हा रस्ता खुला राहतो. चौकशी होऊन मुक्ततेचा दाखला हातात पडेपर्यंत तिला गाडीत बसवू देऊ नका, कारण पुनर्वसनाची मदत (२०१६ च्या केंद्रीय योजनेत स्त्रिया आणि मुलांसाठी २ लाख) त्या दाखल्यावर चालते. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तोंडी "बघतो" याला काही किंमत नाही.

तिची भाषा येणारं माणूस आधीच शोधून ठेवा. एखाद्या चर्चमध्ये किंवा बांधकामाच्या साइटवर झारखंडची माणसं भेटतात. मात्र तिच्या गावचं नाव त्यांना सांगू नका, एजंटाची ओळख कुठेही निघते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रिया, मुलं आणि वेठबिगारीत अडकलेल्यांना फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वॉचमन आणि दूधवाले बरंच पाहतात, पण त्यांची नोकरी जाते. त्यांना साक्षीला ओढण्याआधी विचार करा.

आणि तुमच्या पोस्टमध्ये इमारतीचं नाव आणि मजला दोन्ही आहे, ते आत्ता लगेच काढा. त्या बाईही इथे वाचत असू शकतात. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मला निरोप टाका, रात्री पाठवते.