‘डुंकेलगेल्ब’ म्हणजे गडद पिवळा का?

प्रश्न असा आहे : दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांविषयी मराठीत लिहिताना ‘डुंकेलगेल्ब’ हे रंगाचे नाव सारखे येते. शब्दकोशाप्रमाणे त्याचा अर्थ ‘गडद पिवळा’, पण रणगाडा तर तसा दिसत नाही. मग काय लिहावे?

‘गडद पिवळा’ लिहू नये. त्या शब्दांनी मराठी वाचकापुढे हळदीचा रंग उभा राहतो. मी ‘मातकट पिवळा’ लिहीन, आणि त्याला आधार रंगाच्या क्रमांकाचा आहे.

जर्मनीत १९२७ साली ‘राल’ या नावाने ४० प्रमाणित रंगांची यादी झाली. पुढे रंगांना चार आकडी क्रमांक मिळाले आणि पहिल्या आकड्यावरून रंगाचे कुळ कळू लागले. १ म्हणजे पिवळे, ६ हिरवे, ७ करडे, ८ तपकिरी. डुंकेलगेल्बचा क्रमांक आहे ७०२८! नावात पिवळा असूनही तो करड्यांच्या पंगतीत बसला आहे. हे एकदा ध्यानात आले की ‘गडद’ आपोआप गळून पडते.

१८ फेब्रुवारी १९४३ च्या आदेशाने हा रणगाड्यांचा मूळ रंग ठरला. त्यावर ओलिव्हग्र्युन (ऑलिव्ह हिरवा, ६००३) आणि रोटब्राउन (तांबडा तपकिरी, ८०१७) यांचे पट्टे किंवा डाग त्या त्या तुकडीने मारायचे. हे रंग घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून येत आणि सैनिक ते पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करत. किती पातळ केला, कशात केला, यावर छटा बदले. अशा रंगाला एकच काटेकोर छटा चिकटवणारा शब्द खोटा ठरतो. इथे मराठीचे प्रत्यय फार कामाचे आहेत. ‘पिवळसर’मध्ये नुसती झाक आहे, ‘पिवळट’मध्ये रंग उतरल्याची किंवा आजारीपणाची छाया आहे, ‘मातकट’ मात्र मातीशी मिळून जाणे सांगतो, आणि कॅमोफ्लाजचा हेतू तोच होता.

‘खाकी’चा मोह होईल. फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. अर्थ चपखल बसतो. पण आपल्याकडे खाकी म्हटले की पोलिसांचा गणवेश आठवतो. शिवाय आजच्या राल यादीत ७००८ चे नाव ‘खाकी करडा’ या अर्थाचे आहे. मार्च १९४१ मध्ये आफ्रिकेतल्या रणगाड्यांसाठी दोन रंग ठरले, त्यांत हाच ७००८ होता आणि तेव्हा त्याचे नाव होते ग्राउग्र्युन, म्हणजे करडा हिरवा. त्याच्या जोडीचा ८००० तेव्हा ‘पिवळा तपकिरी’ होता, आज तो ‘हिरवा तपकिरी’ आहे. ८०१७ ला तर आज चॉकलेटी म्हणतात. आजच्या रंगपत्रिकेवरून १९४३ चा रंग ओळखायला जाल तर नावे हमखास चकवतील. म्हणून रोटब्राउनला ‘तांबूस तपकिरी’ आणि ओलिव्हग्र्युनला ‘शेवाळी’ म्हणावे. ऑलिव्हचे फळ आपल्या ओळखीचे नाही, शेवाळ आहे.

युद्धाच्या पहिल्या वर्षांतला डुंकेलग्राउ, शब्दशः ‘गडद करडा’, म्हणजे ‘राखी’ नव्हे. राख फिकी असते आणि हा रंग जवळजवळ काळा, आजच्या यादीत त्याचे नावच ‘काळा करडा’ या अर्थाचे आहे (७०२१). ‘काळपट करडा’ म्हणा. त्याच्यासोबत जुलै १९४० पर्यंत एक तृतीयांश भाग डुंकेलब्राउन, म्हणजे काळपट तपकिरी असे. कृष्णधवल छायाचित्रांत हे दोन्ही गडद रंग एकमेकांत मिसळून जातात, त्यामुळे हे रणगाडे निव्वळ करडे होते असा समज दीर्घकाळ राहिला. तपकिरीचा पत्ता लागला तो लेखी आदेशांतून. छायाचित्र पाहून रंगाचे नाव ठरवणाऱ्याने हे उदाहरण जवळ ठेवावे.

जर्मनमध्ये शेवटच्या ‘ब’चा उच्चार ‘प’ होतो, म्हणून ‘गेल्प’ही ऐकू येईल, लेखनात ‘डुंकेलगेल्ब’ राहू द्या. पहिल्या उल्लेखात मूळ नाव, क्रमांक आणि साल द्यावे, पुढे खुशाल ‘मातकट पिवळा’ लिहावे. साल गाळू नका, कारण नाव कोणत्या यादीतले हे त्यावरच ठरते.