ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या घ्यायच्या म्हणतोस, तर

'सगळं फोनवर फुकट मिळतं, मग हा पसारा कशाला?' असं घरचे विचारणारच. मी वाद घालत नाही, बालगंधर्वांची ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, तबकडी लावतो. एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. नाटकात वन्स मोअर घेत लांबणारं पद तेवढ्यात कसं बसवलंय, ते तबकडी उलटताना नीट कळतं. शिवाय त्या काळच्या कितीतरी बाजू पुढे एलपीवर, म्हणजे नंतरच्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांवर, आल्याच नाहीत.

चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गेलास की कव्हरवर भाळू नकोस. तबकडी उजेडात तिरकी धर. वरवरचे ओरखडे चालतात. नखाला लागणारा चरा दिसला की ठेवून दे. कडेपासून आत गेलेली चीर असेल तर फुकटही नको.

माझा पहिला गाढवपणा सांगतो. स्पिरिटने पुसायला गेलो. ७८ची तबकडी लाखेची, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते! बोळा काळा झाला, तबकडीची चकाकी गेली, गाणं गेलं. पाण्याने ओलसर केलेलं मऊ फडकं पुरतं, फक्त मधलं लेबल भिजवू नकोस.

सुईत कंजुषी नको. ७८ची खोबण रुंद असते, तिला एलपीची बारीक सुई चालत नाही. चावीच्या ग्रामोफोनला पोलादी पिन दर बाजूला नवी लाव, आणि त्यावर एलपी कधीच नाही, खरवडून निघेल.

ठेवायच्या त्या उभ्या. आडव्या थप्पीतली खालची तबकडी मीही फोडलीय.