व्हीवॅपच्या वरच्या बँडला भाव टेकला की शॉर्ट करतो (आधी विकून नंतर स्वस्तात परत घ्यायचं), तरी सारखा स्टॉपलॉस (तोटा आवरायला लावलेली ऑर्डर) उडतो. बँडचं सेटिंग चुकतंय का?

सेटिंगचा काही प्रॉब्लेम नाही. व्हीवॅप म्हणजे दिवसभरात कुठल्या भावाला किती शेअर्स गेले ते धरून काढलेला सरासरी भाव, आणि बँड म्हणजे त्याच्या वर खाली काढलेल्या रेघा. बँडला टेकला म्हणजे भाव आता फिरणारच असं तुम्ही धरून चाललाय, गडबड तिथे आहे.

मी पाच मिनिटांच्या चार्टवर हे रोज वापरतो आणि माझं म्हणणं असं की एकदा तरी कागदावर हाताने काढून बघा, अर्ध्या शंका तिथेच मिटतात. कँडल म्हणजे चार्टवरची त्या पाच मिनिटांची एक काडी, तिचा हाय, लो आणि क्लोज (सगळ्यात वरचा, खालचा आणि शेवटचा भाव) यांची बेरीज करून 3 ने भागायचं, तो त्या कँडलचा भाव. समजा पहिल्या कँडलला हा भाव 100 आला आणि 1000 शेअर्सचे सौदे झाले, दुसरीला 102 आणि 3000 शेअर्स. साधी सरासरी 101 येईल पण व्हीवॅप येतो 101.50, कारण जास्त माल 102 लाच हातबदल झालाय. आता प्रत्येक कँडलचा भाव 101.50 पासून किती लांब आहे ते काढा, त्याचा वर्ग करून त्या कँडलच्या व्हॉल्यूमने (किती शेअर्सचे सौदे झाले त्याने) गुणा, सगळ्याची बेरीज एकूण व्हॉल्यूमने भागा आणि वर्गमूळ काढा, साधारण 0.87 येतं. म्हणजे 101.50 पासून हे अंतर एकदा धरलं की पहिला बँड वर 102.37 खाली 100.63, दोनदा धरलं की दुसरा वर 103.23 खाली 99.77. बोलिंजर बँड दिसायला असेच दिसतात पण त्यात व्हॉल्यूम नसतो आणि ते सहसा शेवटच्या 20 कँडल धरतात, हे मात्र ओपनिंगपासून मोजत येतं आणि दुसऱ्या दिवशी परत शून्यापासून सुरू.

म्हणूनच सकाळच्या पहिल्या काही कँडलमध्ये बँडला फारसा अर्थ नसतो, एक मोठी कँडल आली की सगळं हलतं. दुपारनंतर बरोब्बर उलटं. समजा 10 लाख शेअर्सचा व्यवहार होऊन गेलाय, व्हीवॅप 101.50 वरच आहे आणि 20,000 शेअर्सची नवी कँडल 104 ला आली, तरी व्हीवॅप सरकतो जेमतेम 0.05.

आता तुमच्या शॉर्टचं. वरच्या भावाला भरपूर व्हॉल्यूम यायला लागला की तोच व्हॉल्यूम व्हीवॅपला वर ओढतो आणि बँडपण रुंद करतो, म्हणजे तुम्ही ज्याला भिंत समजून शॉर्ट केलंत ती रेघ भावाबरोबर स्वतःच वर सरकत राहते!! ट्रेंडच्या दिवशी भाव पहिल्या आणि दुसऱ्या बँडच्या मधे तासन् तास चालतो आणि प्रत्येक टेकण्याला शॉर्ट करणारा कापला जातो. आणि ते जे सांगतात ना की दुसऱ्या बँडच्या आत 95 टक्के वेळ भाव राहतो, ते नॉर्मल वितरणाचं गणित आहे, शेअरचे भाव तसे वागत नाहीत, त्यावर पैसे लावू नका.

मी आधी व्हीवॅपचा उतार बघतो. रेघ आडवी आहे, भाव तिच्या वर खाली सारखा जातोय, बँड पण समांतर चाललेत, असं असेल तरच वरच्या दुसऱ्या बँडला शॉर्टचा विचार, आणि तोही नुसता टेकल्यावर नाही, कँडल बँडच्या बाहेर जाऊन परत आत बंद झाली आणि वर जाताना व्हॉल्यूम आटलेला दिसला तरच. स्टॉपलॉस त्या कँडलच्या हायच्या वर, टार्गेट व्हीवॅप. रेघ चढती आहे आणि बँड उघडतायत तर शॉर्ट विसरा, भाव पहिल्या बँडपर्यंत किंवा व्हीवॅपपर्यंत खाली यायची वाट बघा आणि तिथे टिकला तर खरेदी. मोठे फंड आपली ऑर्डर व्हीवॅपपेक्षा चांगल्या भावात झाली का हे तपासतात, त्यामुळे त्या रेघेजवळ हालचाल जास्त दिसणं साहजिक आहे.

कमी व्हॉल्यूमच्या शेअरवर हे लावूच नका, एकच मोठा सौदा सगळी रेघ बिघडवतो. इंडेक्सवर लावायचं असेल तर त्याच्या फ्युचरचा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा करार) चार्ट घ्या, इंडेक्सचे स्वतःचे सौदे होत नाहीत त्यामुळे त्याला स्वतःचा व्हॉल्यूमच नसतो.