बूम ओसरीत येतो, तक्रार कुठं न्यायची?

प्रश्न : माझ्या दिरांनी आत्महत्या केली. दुसऱ्याच दिवशी तालुक्यातल्या एका यूट्यूब न्यूज चॅनलचा पोरगा बूम (माइक) घेऊन थेट ओसरीत शिरला. सासूबाईंचं रडणं दाखवलं, शाळकरी पुतणीचा चेहराही. वर ‘दारूनं घेतला कास्तकाराचा जीव’ असं मोठ्या अक्षरात टाकलं. ते दारूला कधी शिवले नाहीत. फोन केला तर मालक म्हणतात, “आम्ही स्वनियमन पाळतो, म्हणजे आमचे नियम आम्हीच लावतो, आम्हाला कोणी विचारू शकत नाही.” तक्रार कुठं करायची?
— एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, यवतमाळात राहून अशा घरांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं दिल्या आहेत. रडणाऱ्या माणसाचा बाइट घ्यायचा नाही, हे सांगायला कायदा लागत नाही. तरी नियम आहेत. आत्महत्येच्या बातमीत सनसनाटी मथळा नको, फोटो-व्हिडिओ नको, असं प्रेस कौन्सिलनं 2019 मध्येच सांगितलं आहे. पण कौन्सिलचा अधिकार वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता, तोही समज देण्याइतकाच. टीव्ही चॅनलांनी स्वतःची संस्था काढली, तिचा दंड जास्तीत जास्त एक लाख. एवढ्यानं कोणाला धाक बसणार, असं सर्वोच्च न्यायालयानंच ऑगस्ट 2023 मध्ये विचारलं. तुमच्या तालुक्यातलं चॅनल तर असल्या संस्थेत सहसा नसतंच.

डिजिटल बातम्यांसाठी केंद्रानं फेब्रुवारी 2021 मध्ये तीन पायऱ्या आखल्या : आधी प्रकाशक, मग प्रकाशकांची संस्था, वर सरकार. या पायऱ्या सांगणाऱ्या कलमाला मुंबई उच्च न्यायालयानं 14 ऑगस्ट 2021 ला स्थगिती दिली. मला ती योग्य वाटते. बातमी हटवायला लावण्याचा अधिकार सरकारकडे गेला, तर सोयाबीनच्या भावावर बोलणारा पोरगाच आधी अडकेल. पण सरकार नको म्हणणाऱ्या मालकांनी तक्रारीसाठी स्वतःचं दार तरी उघडं ठेवावं की नाही? पत्रकारांच्या बैठकीत हे काढलं की उत्तर ठरलेलं : “व्ह्यूज नाहीत तर जाहिरात नाही.” जाहिरातीसाठी लहान लेकराचा चेहरा विकायचा आणि त्याला स्वनियमन म्हणायचं, याची मला मनापासून चीड येते.

आता कामाचं. व्हिडिओची लिंक जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, पुतणीचा चेहरा कितव्या मिनिटाला दिसतो ते लिहून घ्या. यूट्यूबवर खासगीपणाच्या तक्रारीचा फॉर्म आहे. पुतणीसाठी तो तिच्या आईनं भरावा. यूट्यूबनं तक्रार फेटाळली, तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. चॅनलच्या मालकाला वेगळं पत्र द्या आणि पोच घ्या. व्हिडिओ हटवा आणि दारूचं विधान खोटं होतं हे त्याच चॅनलवर सांगा, असं त्यात स्पष्ट लिहा. घरच्यांना दुखावण्यासाठी मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलणं ही कायद्यानं बदनामी ठरू शकते, हेही लिहा.

आपल्याकडं अशा बऱ्याच चॅनलांमागं एखादं साप्ताहिक असतं. तेही मालकाचंच असेल आणि हीच बातमी त्यात छापली असेल, तर प्रेस कौन्सिलचा रस्ता खुला आहे. आधी संपादकाला पत्र, मग कौन्सिलकडे तक्रार. मात्र छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. म्हणून आजच तो अंक शोधा. पत्राची एक प्रत मला पाठवा, त्या मालकाशी मी स्वतः बोलतो.