सासूबाई म्हणतात ‘हे माझं घर आहे’. मग माझं काय?

तुम्ही लिहिलंय की लग्न करून सांगलीहून गोव्यात फोंड्याला आलात, दोन वर्षं झाली, भांडण झालं की सासूबाई ‘हें घर म्हजें’ म्हणतात आणि नवरा मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. घर नेमकं कुणाचं, असं विचारलंय.

मी कोल्हापूरची, डिचोलीला दिली. वीस वर्षं होतील. तर आधी कडू बातमी: सासूबाई कायद्याने निम्म्या बरोबर आहेत.

गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला आणि मुक्तीनंतरही कुटुंबाच्या बाबतीत तोच धागा चालू राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते, निम्मी निम्मी. म्हणजे सासरे हयात असले तरी घरातला अर्धा वाटा सासूबाईंचाच. तो त्यांना मुलाच्या मेहेरबानीने मिळालेला नाही. घाटावर पुष्कळ म्हाताऱ्या मुलाच्या दारात राहतात, इथे मुलगाच आईच्या दारात राहतो. हे कळलं तेव्हा माझा निम्मा राग गेला, खरं सांगते.

आमचे सासरे गेल्यावर कुळागराचा, म्हणजे माड-पोफळीच्या बागेचा, एक तुकडा विकायचा ठरलं. वकिलांनी सह्या मोजल्या: सासूबाई, नवरा, मी, नणंद आणि नणंदेचे यजमान. सासूबाई म्हणाल्या, ‘हिची कित्याक?’ (हिची कशाला?) वकील म्हणाले, वडिलांचा वाटा मुलगा-मुलगी दोघांकडे समान गेला, आणि मुलाला मिळालं ते त्याच्या बायकोचंही झालं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जसं बाजारात बांगडा उलटून पाहतात तसं. काही बोलल्या नाहीत. नणंदेचा वाटा मात्र मलाही टोचला होता, ते इथे कबूल करते.

पण कागद एकीकडे, रांधप दुसरीकडे. खरं भांडण स्वयंपाकघराचं असतं. पहिल्या महिन्यात मी हुशारी केली आणि बांगड्याच्या हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, नारळ-मिरचीसोबत तेफळंही (तिरफळं) मिक्सरमध्ये टाकली, बियांसकट. हुमण कडू झालं. सासूबाईंनी वाटी पुढे सरकवली आणि एवढंच: ‘तेफळां वाटूंक नजो गो बाय.’ (वाटायची नसतात.) बिया काढून, जरा ठेचून, कढ आला की टाकायची. मी रडले. आता वाटतं, त्यांनी हा एक धडा दिला, टोमणा नव्हता. मात्र त्यांच्या बोलण्याची चाल अशी की टोमणा आणि धडा एकाच सुरात येतात. तुम्हालाही आधी सूर बाजूला काढून ऐकावं लागेल.

चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं म्हणाल तर पहिल्या वर्षी माझ्या माहेरहून वझें (सुनेच्या माहेरहून सासरी येणारी भेट) आलं नव्हतं, आमच्याकडे ती पद्धतच नाही. सासूबाई शेजाऱ्यांपुढे ओशाळल्या. तो राग त्यांनी वर्षभर माझ्यावर काढला आणि मला कारण तिसऱ्या वर्षी कळलं, तेही नणंदेकडून. तेव्हा विचारा. ‘माझं काय चुकलं’ असं नको, त्यांना ते खोटं वाटतं. ‘तुमच्या घरात हे कसं करतात’ असं विचारा.

नवऱ्याचं मात्र मी ऐकून घेणार नाही. मधे गप्प बसणारा मुलगा दोघींना लढवतो. त्याला शांत वेळी, एकट्याला बसवून स्पष्ट सांगा.

कुणी घाईघाईने कुठल्याही कागदावर सही मागितली तर तो वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका. मारहाण किंवा घराबाहेर काढण्याची धमकी असेल तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो.

आमच्याकडे अजून तेफळांच्या बरणीला हात लावताना मी त्यांना विचारते. मिक्सर मात्र मी खिडकीपाशी हलवला, न विचारता. चार दिवस त्या ‘हांगा कोणें दवरलो?’ (इथे कुणी ठेवला?) म्हणत राहिल्या. आता त्याही तिथेच वाटण करतात.