अकराशे ओळखी आणि एकही ऑर्डर नाही

प्रश्न : ताई, मी आणि माझी बायको मिळून कोरुगेटेड, म्हणजे पन्हळी पुठ्ठ्याचे, बॉक्स बनवतो. सहा कामगार आहेत. मशिन मी बघतो, बिलं-चलनं ती. वर्षभरापूर्वी लिंक्डइनवर खातं उघडलं, आता अकराशेवर कनेक्शन्स झालीत. आठवड्यातून दोनदा मालाचे फोटो टाकतो, रोज सकाळी एक सुविचार टाकतो. लाइक येतात, चौकशी एकही नाही. प्रीमियम घेतलं तर फरक पडेल? की कंपनीचं वेगळं पेज काढू? बायको म्हणते, हे सगळं बंद करा.

उत्तर : बायकोचं निम्मं बरोबर आहे. सुविचार आजच बंद करा.

कनेक्शन्सची यादी पत्राला जोडलीत, हे बरं केलंत. पहिली पन्नास नावं मी मोजली. एकतीस जण तुमच्यासारखेच बॉक्सवाले नाहीतर त्यांना कागद विकणारे, नऊ विमा एजंट आणि खरेदी खात्यातले फक्त दोन. तुम्ही पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या, बॉक्सचा फोटो टाकता आणि पाच प्लायचे बॉक्स बनवणारेच तुम्हाला अंगठा दाखवतात. दोन्ही अर्थांनी.

मी एकवीस वर्षं कॅलिब्रेशनची, म्हणजे मोजायची उपकरणं बरोबर मोजतात का ते तपासायची, लॅब चालवली. प्रेशर गेज, मायक्रोमीटर, वजनकाटे. एका कारखान्याचं काम वर्षानुवर्षं यायचं, ते एकाएकी थांबलं. चौकशी केली तर खरेदीतले गृहस्थ नोकरी सोडून गेलेले आणि नव्या साहेबांनी आपल्या ओळखीची लॅब आणलेली. महिनाभर चरफडले. मग एकदा लिंक्डइनवर तेच गृहस्थ दिसले, दुसऱ्या कारखान्यात, वरच्या हुद्द्यावर. तीन ओळी लिहिल्या. उत्तर आलं, ‘बरं झालं लिहिलंत, तुमचा नंबर जुन्या फोनबरोबर गेला.’ पुढच्या महिन्यात त्यांचे गेज माझ्या टेबलावर होते. आपलं गिऱ्हाईक कंपनी नसते, त्या कंपनीतला एक माणूस असतो, आणि तो नोकरी बदलतो. बदलून कुठे गेला, हे घरबसल्या कळायची सोय म्हणून मी या साइटकडे बघते. बाकीचं सगळं दुय्यम.

तेव्हा अनोळखी लोकांना रिक्वेस्ट पाठवणं थांबवा आणि गेल्या सहा-सात वर्षांच्या पर्चेस ऑर्डर नि चलनं काढा. खरेदीतला, स्टोअर्समधला, डिस्पॅचमधला, ज्याची ज्याची सही असेल त्याचं नाव लिहून घ्या आणि एकेक करून शोधा. ज्यांनी कंपनी बदलली त्यांना आधी लिहा. कोणता माल कधी दिला होता, त्याची आठवण द्या आणि तिथेच थांबा. पहिल्याच निरोपात कोटेशन चिकटवू नका. आणि प्रत्येक निरोप वेगळा लिहा. मी एकदा कॉपी-पेस्ट करताना एका बाईंना दुसऱ्याच साहेबांच्या नावाने ‘नमस्कार’ घातला होता. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

जुन्या, विरळ झालेल्या ओळखी का चालतात, याचा विचार समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 सालीच मांडला होता : जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच बहुधा ठाऊक असतं, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. 2022 मध्ये लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष ‘सायन्स’मध्ये आले. नोकरी बदलायला घट्ट ओळखींपेक्षा मध्यम सैल ओळखी जास्त उपयोगी पडल्या. ते नोकऱ्यांबद्दल होतं, ऑर्डरींबद्दल नाही. पण माझा अनुभव त्याच बाजूचा आहे.

लिंक्डइनवर तुमच्या नावाखाली नुसतं ‘प्रोप्रायटर’ आहे. कशाचे? तिथे 220 अक्षरं मावतात. कोणत्या मालासाठी, किती प्लायचे बॉक्स, कमीत कमी किती नग आणि किती दिवसांत देता, ते लिहा. तुमचं नाव जिथे जिथे दिसतं तिथे ही ओळ बरोबर जाते.

फोटो टाकायचेच तर कामाचे टाका. बॉक्सचा बहुतेक भार त्याचे चार कोपरे पेलतात. गोदामात भिंतीच्या विटांसारखी आडवी-तिडवी थप्पी लावली की वरचा कोपरा खालच्या कोपऱ्यावर येत नाही, आणि खालचे बॉक्स चेपतात. दमट हवेत कागद ओल धरतो, मग तर आणखी लवकर. हे तुम्हाला झोपेतही माहीत असेल. पण डिस्पॅचवाला बिचारा दर वेळी तुमच्या मालाला शिव्या घालत असतो. नीट लावलेली थप्पी आणि चेपलेली थप्पी शेजारीशेजारी दाखवा, खाली चार ओळी लिहा. अशी पोस्ट महिन्यातून एक झाली तरी पुष्कळ.

कंपनीचं पेज काढायला हरकत नाही, पण पेजला तुमच्यासारखी कनेक्शन रिक्वेस्ट पाठवता येत नाही. सुरुवात तुमच्याच नावावरून होणार. प्रीमियम आत्ता नको. त्यात मुख्यतः अनोळखी माणसांना निरोप पाठवायची सोय मिळते आणि तुमची ओळखीचीच माणसं अजून शोधायची राहिलीत.

ती नावं काढायला मात्र तुम्ही बसू नका, बायकोला बसवा. चलनं ती बघते म्हणजे कोणाची सही कशी होती, हे तिला तोंडपाठ असेल. पैसे वेळेवर कोण सोडायचं आणि चार-चार महिने कोण फिरवायचं, तेही. फिरवणाऱ्यांची नावं तिने खोडली तर वाद घालू नका.