कोवळी बर्गंडी किती वर्षे टिकेल? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : 2022 ची जेव्हरे-शांबर्तां (फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशातल्या त्या नावाच्या गावाची तांबडी वाइन) उघडली, पण ती इतकी तुरट होती की दुसरा घोट घेववेना. ही वाइन पुढे मवाळ होईल, की अशीच राहील?

उत्तर : तुरटपणा किती आहे, यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे आणि तो ओसरल्यावर तोंडात काय उरते, हे पाहावे. तांबडी बर्गंडी ज्या द्राक्षापासून बनते, त्या पिनो न्वारच्या साली आणि बिया यांतून, तसेच घोस देठांसकट आंबवले असतील तर देठांतूनही टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारे द्रव्य, वाइनमध्ये उतरते. द्राक्षे नीट पिकलेली असतील, तर हा तुरटपणा हिरड्यांवर बारीक आणि एकसारखा पसरतो; कच्च्या द्राक्षांचा मात्र कोरडा आणि हिरवट लागतो, आणि त्याच्यामागे कडवटपणा रेंगाळतो. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर तोंडात गोडवा परततो, तसे चांगल्या कोवळ्या बर्गंडीत तुरटपणा सरल्यावर चेरी किंवा रासबेरीचा स्वाद परत यायला हवा आणि काही काळ टिकायला हवा. तो परतत असेल, तर वाट पाहण्यात अर्थ आहे. वर्षे सरतात तसा टॅनिनचा कडकपणा कमी होतो. पण फळाचा स्वादही त्याच काळात ओसरत असतो, आणि मुळात नसलेले फळ कोणत्याही तळघरात नव्याने निर्माण होत नाही.

याची दोन बोलकी उदाहरणे आहेत. 1976 च्या दुष्काळी उन्हाळ्यात द्राक्षांच्या साली जाड झाल्या आणि त्या वर्षीच्या पुष्कळ तांबड्या वाइनमधील फळ टॅनिन नरम होण्याआधीच संपले. याउलट 1993 च्या तांबड्या वाइन सुरुवातीला कठोर वाटल्या, त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु त्यांच्या पोटात फळ आणि आम्लता दोन्ही होती, म्हणून त्यांतल्या अनेक पुढे उत्तम ठरल्या. आपल्या बाटलीत निम्मी वाइन उरली असेल, तर बूच लावून ती रात्रभर थंड जागी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखावी. ती अधिक मोकळी आणि सुगंधी झाली असेल, तर तिच्यात टिकण्याची ताकद शिल्लक आहे असे समजावे. हा पक्का पुरावा नव्हे, पण मला हा संकेत उपयोगी वाटतो.

प्रश्न : शांबोल-म्युझिनीचा रंग फारच फिका होता. अशी वाइन टिकणार नाही ना?

उत्तर : रंगावरून निष्कर्ष काढू नये. पिनो न्वारच्या सालीत रंगद्रव्य कमीच असते. शांबोल किंवा व्होल्ने या गावांच्या वाइन दिसायला हलक्या असल्या, तरी चांगल्या वर्षी दीर्घकाळ टिकतात.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये मर्सो गावात एका उत्पादकाने पिपातली त्याच वर्षीची शार्दोने (पांढऱ्या बर्गंडीचे द्राक्ष) वाइन चाखायला दिली. ती हिरव्या सफरचंदासारखी आंबट होती. तिचे भविष्य त्यावरून कसे ठरवावे?

उत्तर : त्यावरून ठरवू नये. सुगीनंतर इतक्या लवकर बहुतेक पिपांमध्ये दुसरे किण्वन पूर्ण झालेले नसते. या किण्वनात तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होते, आणि तळघर थंड असेल तर ते वसंतापर्यंत लांबते. शिवाय 228 लिटरचे पीप नवे असेल, तर लाकडाचा व्हॅनिलासारखा वास फळाला झाकून टाकतो. अशा वेळी गंधाला फार महत्त्व न देता घोटाच्या मध्यावर वाइन भरीव लागते की पोकळ, आणि शेवट किती लांबतो, एवढेच टिपून ठेवावे. पुढच्या उन्हाळ्यात किंवा बाटलीबंद होण्याच्या सुमारास पुन्हा चाखण्याची संधी मिळाली, तर मत बनवावे.

प्रश्न : जपून ठेवलेली पांढरी बर्गंडी आठव्या वर्षी तपकिरी आणि निस्तेज निघाली. कोवळेपणी ती सुरेख होती. चाखताना काही चुकले का?

उत्तर : नाही. 1995 आणि 1996 च्या वाइनपासून पांढऱ्या बर्गंडीत अकाली ऑक्सिडीकरणाचा, म्हणजे ऑक्सिजनमुळे वाइन वेळेआधीच बिघडण्याचा, दोष ठळकपणे दिसू लागला. एकाच पेटीतली एक बाटली निर्दोष, तर शेजारची गडद सोनेरी आणि डागाळलेल्या सफरचंदाच्या वासाची, असा अनुभव कित्येकांना आला. बुचांची असमान गुणवत्ता, गंधकाचा कमी केलेला वापर, रस काढण्याच्या बदललेल्या पद्धती आणि पिपातला गाळ वारंवार ढवळणे, अशी अनेक कारणे सांगितली जातात. एकच कारण निर्विवाद ठरलेले नाही. कोवळ्या वाइनच्या चवीत या दोषाची चाहूल लागत नाही, म्हणून चाखण्याच्या कौशल्याला येथे मर्यादा आहे. काही उत्पादक आता बुचाचा भुगा शुद्ध करून बनवलेली डायम बुचे वापरतात. पांढरी बर्गंडी दीर्घकाळासाठी घ्यायची असेल, तर मी आधी बुचाची चौकशी करेन.

प्रश्न : मुंबईच्या सदनिकेत बर्गंडी किती वर्षे ठेवता येईल?

उत्तर : कपाटात ठेवायची असेल, तर उन्हाळ्यापूर्वीच संपवावी. पिनो न्वार उष्णतेपुढे लवकर हार मानते. तापमान 12 ते 14 अंशांवर स्थिर ठेवणारे वाइन-कपाट असेल, तर ढोबळमानाने गावपातळीची तांबडी वाइन पाच ते दहा वर्षे, प्रमिए क्रू (त्यावरच्या दर्जाच्या मळ्यांची) आठ ते पंधरा, आणि ग्रां क्रू (सर्वोच्च दर्जाच्या मळ्यांची) त्याहून अधिक काळ ठेवता येते. मात्र वर्ष पाहूनच निर्णय घ्यावा : एप्रिलमधल्या हिमाने पीक घटलेल्या 2021 च्या वाइन सामान्यतः हलक्या आहेत आणि लवकर पिण्याजोग्या होतात. बाटलीबंद झाल्यावर काही वर्षांनी तांबडी बर्गंडी मिटून बसते, तिचा सुगंध मंदावतो. अशा वेळी ती संपली असे समजून उरलेल्या बाटल्या घाईने उघडू नयेत. शक्य असल्यास एकाच वाइनच्या तीन तरी बाटल्या घ्याव्यात आणि त्या दोन-तीन वर्षांच्या अंतराने उघडाव्यात.